भिंत वाळेपर्यंत

डॉक्टर दातांचा होता आणि त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं. पेशंट खुर्चीत आडवा झाला, त्यानं आ केला, की डॉक्टर छोटा आरसा आत घालून इकडेतिकडे फिरवायचा आणि म्हणायचा, "वरून दिसतंय त्यावर जाऊ नका. उघडल्यावर कळेल." एखादा धीट पेशंट विचारायचा, "वरवर भरून नाही का चालणार?" तेव्हा डॉक्टर चष्मा कपाळावर सरकवून त्याच्याकडे असं बघायचा, की तो बिचारा पुन्हा तोंड उघडायचा ते फक्त दात दाखवायला. कीड बाहेर तिळाएवढी असली तर आत बोराएवढी असते, हा डॉक्टरचा सिद्धांत होता. म्हणून कुठल्याही कामाला तो एक भेट जास्तीची धरून ठेवायचा. नाही लागली तर पेशंट खूश, लागली तर डॉक्टर खरा ठरला. दोन्हीकडून फायदाच.

असा माणूस घराचं बाथरूम नवं करायला निघाला, तर ते काम कसं अगदी शास्त्रशुद्ध होईल, असं कुणालाही वाटलं असतं. डॉक्टरला तर वाटलंच.

बाथरूम नवं करायचं कारण होतं आई. आई दुसऱ्या गावी एकटी राहायची आणि एकटी राहण्यात तिचा हातखंडा होता. पण मागे ती बाथरूममध्ये घसरली, डाव्या हाताचं मनगट मोडलं, प्लास्टर निघालं तरी मूठ पूर्वीसारखी वळेना. डॉक्टर आणि त्याची बायको तिला "आमच्याकडे या" म्हणून कितीतरी दिवस विनवत होते. आई ऐकून घ्यायची आणि मग हवापाण्याची चौकशी करायची. शेवटी एकदाची ती हो म्हणाली, पण अट घालून.

"मला बाथरूमला धरून न्यायचं नाही," ती फोनवर म्हणाली. "माझी मी जाईन, माझी मी येईन. ज्या दिवशी कुणी दंडाला धरून न्यायला लागेल, त्या दिवशी मी माझ्या घरी."

"अगं, पण घसरलीस तर?"

"तर घसरले. तुझ्या घरी काय जमीन वेगळी आहे?"

आईचा होकार किती कष्टानं मिळालेला आहे हे डॉक्टरला पक्कं ठाऊक होतं. तो एकदा हातातून सुटला की परत मिळणार नव्हता. म्हणून त्यानं ठरवलं, की जुन्या गुळगुळीत फरश्या काढायच्या, पाय न घसरणाऱ्या घालायच्या, आणि शॉवरजवळच्या भिंतीत धरायला स्टीलची जाड दांडी बसवायची. आई आत जाईल, दांडी धरेल, आंघोळ करेल, बाहेर येईल. सगळा संसार त्या दांडीवर उभा होता म्हणा ना.

मिस्त्री बघायला आला. मिस्त्री उंच, घाईतला, कानावर पेन्सिल आणि खिशात सतत वाजणारा फोन असलेला माणूस होता. तो चारी भिंतींवरून हात फिरवून म्हणाला, "डॉक्टर, घर जुनं आहे. आधी प्रत्येक भिंतीची खालची एकेक टाइल काढून बघू. आत काय आहे ते कळलं की मग दिवस सांगतो."

आता हे वाक्य डॉक्टरनं आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलेलं. पण स्वतःच्या घरात, स्वतःच्या भिंतींविषयी ते ऐकल्यावर त्याला कसंसंच झालं. चांगल्याभल्या भिंतीला उगाच कशाला भोकं पाडायची?

"त्याची गरज नाही," तो म्हणाला. "ते मी बघतो."

आणि त्यानं खरंच बघितलं. खाली दवाखाना, वर घर. तो खाली गेला, दात तपासायचा आरसा घेऊन आला, बाथरूमच्या फरशीवर उकिडवा बसला आणि आरशाच्या दांड्यानं एकेक टाइल ठोकू लागला. कान भिंतीला, डोळे मिटलेले. टक. टक. टक. बायको टॉवेल खांद्यावर टाकून दारात उभी होती.

"अहो, दुखतंय का विचारा तिला," ती म्हणाली.

डॉक्टरनं तिकडे लक्ष दिलं नाही. सगळ्या भिंती ठोकून झाल्यावर तो गुडघे चोळत उठला आणि त्यानं निदान सांगितलं. दाराजवळच्या दोन टाइल्स पोकळ, बाकी तोंड निरोगी. भिंती निरोगी, असं म्हणायचं होतं त्याला.

अर्थात, छुप्या दुखण्याची तयारी त्यानं ठेवली नाही असं मात्र कुणी म्हणू नये. उलट त्या तयारीवर त्यानं बायकोला संध्याकाळच्या चहावर एक छोटंसं व्याख्यानच दिलं. टाइल्स लागतील त्यापेक्षा दोन खोकी जास्त आणायच्या. मिस्त्रीनं शेवटी अंदाजानं सांगितलेल्या दिवसांवर पुरता एक आठवडा जास्तीचा धरायचा आणि आईला त्यानंतरचीच तारीख द्यायची. आणि थोडे पैसे बाजूला ठेवायचे, ज्यांना हात लावायचा नाही.

"आत काही निघालं तर?" बायकोनं विचारलं.

"त्यासाठीच तर हे."

"आणि नाही निघालं तर?"

या प्रश्नावर डॉक्टर नुसता हसला. तिथेच सगळं चुकलं, पण हे त्याला बरंच नंतर कळलं.

काम सुरू झालं. पहिल्यांदा दाराकडची भिंत फोडली, ती आतून खणखणीत निघाली. मग खिडकीकडची, तीही खणखणीत. मग आरशाकडची. मिस्त्रीनं छिन्नी मारली, टाइल निघाली, आत विटा जशाच्या तशा कोरड्या. डॉक्टर दोन पेशंटच्या मध्ये जिना चढून वर यायचा, विटांना बोट लावायचा आणि समाधानानं खाली जायचा. राहिली होती फक्त शॉवरजवळची, दांडीची भिंत. पण तीन भिंती चांगल्या निघाल्या म्हणजे चौथी वाईट निघायला ती काय सावत्र आहे?

आणि मग डॉक्टरला ती जास्तीची खोकी दिसायला लागली. नुसतीच पडून होती. स्वयंपाकघरात शेगडीमागची भिंत काळपट झाली होती, तिथे एक खोकं लागलं. दुसरं बाल्कनीच्या कोपऱ्यात गेलं. बाजूला ठेवलेले पैसेही असेच नुसते पडून होते. त्यांचा आरसा आला, चारी कडांना दिवे लागणारा, ज्यात बघितलं की माणूस दहा वर्षांनी तरुण आणि थोडा आजारी दिसायचा. राहता राहिला तो आठवडा. तोही एका दुपारी डॉक्टरनं उधळून टाकला. आईचा फोन आला, कसं काय चाललंय म्हणून, आणि त्याला राहवलं नाही. "अगं, काम पुढे आहे आपलं! तू एक आठवडा आधीच ये!" आईनं लगेच तिकीट काढलं.

असा राखीव साठा संपला. छुप्या दुखण्यासाठी ठेवलेलं सगळं उघड्या हौसेत गेलं, आणि दुसऱ्याच दिवशी चौथ्या भिंतीची पाळी आली.

मिस्त्री खालची टाइल काढायला बसला. ती काढावी लागलीच नाही, छिन्नी लागताच ती आपणहून गळून पडली. मागचा गिलावा काळा आणि ओला होता. मिस्त्रीनं बोटानं खरवडलं, तर तो ओल्या भातासारखा बोटाला चिकटून आला. त्यानं आणखी वर फोडलं. आत जुन्या पाइपचा एक सांधा होता आणि त्याच्या पोटाला पाण्याचा एक थेंब लटकला होता. डॉक्टर बघत राहिला. थेंब मोठा झाला, पडला, आणि त्याच्या जागी दुसरा थेंब आला, अगदी निवांत, कसलीही घाई नसल्यासारखा.

"हे आजचं नाही," मिस्त्री म्हणाला. "वर्षानुवर्षं मुरलंय. गिलावा सगळा काढायला लागेल, पाइप बदलायचा, खालच्या विटा बदलायच्या. मग भिंत वाळू द्यायची. वाळल्याशिवाय टाइल लावली तर सुटणार."

"किती दिवस?"

"उघडल्यावर कळेल."

डॉक्टरला क्षणभर वाटलं, हा माणूस मुद्दाम करतोय. पण मिस्त्री फोन बघत होता. मग डॉक्टरनं तोंड उघडलं आणि त्याच्या स्वतःच्या तोंडातून त्याच्या सगळ्या पेशंट लोकांचे आवाज एकामागून एक बाहेर पडू लागले. "पण आत्तापर्यंत तर काही त्रास नव्हता." "आत्ता नुसतं वरवर केलं तर?" "पुढे बघू की." "पाहुणे येतायत हो घरी." शेवटी तर तो असंही म्हणाला, की एवढं मोठं असतं तर आधी कळलं नसतं का? हे वाक्य ऐकलं की दवाखान्यात तो नेहमी चष्मा कपाळावर घ्यायचा. आत्ता चष्मा नाकावरच होता, धुळीनं माखलेला.

खरं कारण त्यानं मिस्त्रीला सांगितलं नाही. आईला आत्ता "थांब, पुढच्या महिन्यात ये" म्हटलं, तर ती "बरं" म्हणेल. अगदी शांतपणे म्हणेल. तिकीट रद्द करेल, आणि पुन्हा कधीच काढणार नाही. मग त्या दुसऱ्या गावातल्या गुळगुळीत बाथरूममध्ये, एका हाताची मूठ वळत नसताना, ती एकटी. डॉक्टरला ते डोळ्यांसमोर आणवत नव्हतं.

मिस्त्रीलाही पुढचं काम खुणावत होतं. त्यानं कानावरची पेन्सिल काढून परत कानावर ठेवली आणि म्हणाला, "करायचंच म्हटलं तर करता येतं. सांध्याला पट्टी मारू, वरून जलद सुकणारा माल भरू, टाइल लावू. दांडीला लांब स्क्रू घालू. बसेल. पण गॅरंटी माझी नाही."

"बसेल ना?"

"बसेल म्हणजे, बसेल."

बुडत्याला काडीचा आधार, आणि इथे तर सहा इंची स्क्रू होते. डॉक्टरच्या डोक्यात लगेच स्वतःची विद्या जागी झाली. दात कमकुवत असला तर आपण त्याच्या मुळात खुंटी घालतोच की! तो खाली धावला आणि दात बसवायचं उरलंसुरलं सिमेंट घेऊन आला. मिस्त्रीनं त्या एवढ्याशा डबीकडे आणि मग भिंतीकडे बघितलं, आणि पेन्सिल कानावर नीट सरकवली. डॉक्टरनं स्वतःच्या हातानं, तोंडाला मास्क बांधून, छोट्या पात्यानं स्क्रूच्या भोकांमध्ये ते सिमेंट भरलं. जगात दाताच्या सिमेंटवर उभी असलेली ती बहुधा एकमेव दांडी असेल.

दिसायला मात्र काय देखणी दिसत होती! नव्या टाइल्स, लखलखीत दांडी, समोर दिव्यांचा आरसा. बायको तेवढे दिवस तिच्या ऑफिसच्या कामात अडकलेली होती. तिनं विचारलं, "त्या भिंतीचं काय निघालं?"

"किरकोळ ओल होती. भरून काढली."

"किरकोळ?"

"झालं गं पक्कं."

त्यानं दांडीला वरून हात लावून दाखवला. ती हलली नाही. हलणारा दात ओळखायचा तर दोन बोटांच्या चिमटीत धरून तो आडवा, पुढेमागे हलवावा लागतो, हे डॉक्टरला झोपेतही सांगता आलं असतं. ती चाचणी त्यानं केली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आई आली. एक पिशवी, एक छत्री, आणि प्रवासाची धूळ. जिना ती स्वतः चढली, कठडा उजव्या हातानं धरून. डॉक्टर मागून दोन पायऱ्या सोडून चालला, पेशंटला न घाबरवता बघावं तसा. वर आल्यावर बायकोनं तिला सगळं घर दाखवलं, शेवटी बाथरूम.

"बाई गं!" आई म्हणाली. "इथे आंघोळ करायची की लग्न लावायचं?"

डॉक्टरला इतकं बरं वाटलं, की तेवढ्यापुरता त्या थेंबाचा विसर पडला.

मग चहा झाला. बायकोनं चहाबरोबर टोस्ट ठेवले. आईनं टोस्ट चहात बुडवला आणि तो मऊ होऊन तुटायच्या बेताला येईपर्यंत बाहेर काढला नाही. मग मान किंचित उजवीकडे कलती करून, उजव्या गालात, हळूच चावला. चहाचा घोटही तसाच, उजवीकडून. डावा गाल जागचा हलत नव्हता.

घरात कुणी कसं खातंय याकडे डॉक्टर एरवी बघायचा नाही. दिवसभर तेच बघून कंटाळलेला असायचा. पण आज त्याच्या हातातला कप हातातच राहिला.

"आई, आ कर."

"काय?"

"तोंड उघड जरा."

"चहा पिऊ दे की. आल्या आल्या काय दुकान मांडतोस?"

पण त्यानं खुर्ची जवळ ओढलीच होती. खिडकीच्या उजेडात त्यानं तिची हनुवटी वर केली. डावीकडची खालची दाढ वरून बरी दिसत होती, कडेला फक्त एक काळी रेघ. त्यानं चमच्याच्या दांड्यानं तिच्यावर हलकंसं टक केलं.

"दुखतं?"

"नाही," आई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून टचकन पाणी आलं.

"कधीपासून आहे हे?"

"दुखण्याचा वाढदिवस कुणी लक्षात ठेवतं का? आहे आपलं."

"आई, मी दातांचा डॉक्टर आहे! स्वतःच्या मुलाला सांगायला काय झालं होतं?"

आईनं पदरानं डोळे पुसले. "तुला सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, इकडे ये, उघडून बघतो. आणि तू उघडलंस की काही ना काही निघतंच. मग म्हणाला असतास, हिला दात सांभाळता येत नाहीत, ही एकटी काय राहणार. म्हणून गप्प बसले. चालत होतं ना माझं, उजवीकडून."

डॉक्टरला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की तो चिडायचा. तो उठून उभा राहिला. दवाखान्यातला त्याचा आवाज, तो गंभीर, भरदार आवाज, आपोआप लागला.

"म्हणजे वरून बरं दिसतंय म्हणून झाकून ठेवायचं? आत किती सडलंय त्याचा पत्ता नाही, आणि वरवर चालतंय म्हणून चालवायचं? अगं, हे असं राहत नाही! एक दिवस जोर पडतो आणि मग तुटून सरळ..."

हातात येतं, असं तो म्हणणार होता. पण वाक्य तिथेच तुटलं. बायको कप विसळता विसळता थांबून त्याच्याकडे बघत होती. आई मात्र उठली होती. तिनं पिशवीतून टॉवेल काढला.

"आधी अंगावरची धूळ जाऊ दे," ती म्हणाली. "मग काय फाडायचं ते फाड."

आणि ती बाथरूमकडे निघाली. डॉक्टर जागच्या जागी उभा. त्याला तो थेंब दिसला, निवांत मोठा होणारा. आईनं दार ढकललं. उंबऱ्याशी चप्पल काढली. तिचा उजवा हात पुढे झाला, दांडीकडे, अगदी विश्वासानं.

"आई, थांब!"

तो असा ओरडला, की आईच्या हातातला टॉवेल खाली पडला. "मी काय म्हटलं होतं?" ती वळून म्हणाली. "मला धरायला यायचं नाही."

"तुला धरायला नाही आलो," डॉक्टर म्हणाला. "हिला धरायला आलो."

त्यानं दोन्ही हातांनी दांडी पकडली आणि आडवी हलवली, पुढेमागे. ती हलली नाही. एक क्षणभर, देवाशपथ, त्याला आशा वाटली. दाताच्या सिमेंटचा त्याला अभिमानही वाटला. मग त्यानं अंगातला जोर लावून एकदा ओढलं, आणि कर्रकन आवाज झाला. टाइल मधोमध चिरली, दांडी सुटून त्याच्या हातात आली. लांब स्क्रू टोकापर्यंत काळ्या चिखलानं माखले होते. भिंतीतून ओल्या गिलाव्याचा एक गोळा निघून आईच्या चपलेवर पडला.

त्या दांडीवर आईचं वजन पडलं असतं, पाय ओले असते, दार आतून बंद असतं. रोज तारेएवढ्या सुया धरणाऱ्या हातांत त्यानं ती दांडी घट्ट धरून ठेवली.

आईनं वाकून चपलेवरचा गोळा बघितला, मग दांडी बघितली, मग मुलाकडे बघितलं.

"हे मला धरायला होतं?"

"हो."

"आणि तुला ठाऊक होतं?"

"हो," डॉक्टर म्हणाला. "म्हणजे, कळलं होतं. उघडल्यावर."

"लोका सांगे ब्रह्मज्ञान..." बायको मागून म्हणाली, पण तिचा आवाज चढलेला नव्हता. तीही घाबरली होती.

आई दाराजवळच्या स्टुलावर बसली. "परतीची गाडी कधी असते बघ रे," ती म्हणाली. "माझी पिशवी अजून उघडलेली पण नाही."

डॉक्टर दांडी हातात घेऊन तसाच खाली फरशीवर बसला. त्या अवस्थेत माणसाला रुबाब करता येत नाही, आणि ते बरंच झालं.

"जा," तो म्हणाला. "पण कारण ऐकून जा. मी तुला सांगणार होतो, पुढच्या महिन्यात ये. पण मग तू आलीच नसतीस. मला भीती वाटली. म्हणून मी वरून टाइल लावली. तू पडली असतीस, आई. माझ्याच हातानं पडली असतीस."

आईनं चप्पल उचलून तिच्यावरचा गिलावा झटकला.

"नसतेच आले," ती शेवटी म्हणाली. "ते खरं आहे." मग तिनं जिभेनं डाव्या गालात चाचपून बघितलं. "म्हणजे मी तिकडे दाढ लपवली, तू इकडे भिंत लपवलीस. माझ्यावर गेलायस अगदी."

बायकोला हसू आलं. मग आईलाही आलं, पण हसताना दाढ ठणकली आणि ती "आई गं" म्हणून गाल धरून बसली.

"ते गाडीचं नंतर बघू," ती म्हणाली. "आंघोळीला दुसरी जागा आहे का नाही या घरात?"

जागा होती. खाली दवाखान्यामागे एक छोटं बाथरूम होतं, साधं, कोरडं, धड भिंतींचं. पण मध्ये जिना होता. जिन्याला कठडा एकाच बाजूला. चढताना तो तिच्या उजव्या हाताला आला होता. उतरताना तो डाव्या हाताला येत होता, न वळणाऱ्या मुठीकडे.

आई पहिल्या पायरीवर थांबली. तिनं डावा हात कठड्यावर ठेवला. बोटं त्याच्याभोवती पुरती मिटली नाहीत. डॉक्टर तिच्या उजवीकडे उभा होता. त्यानं तिला धरलं नाही. नुसता कोपर थोडा बाहेर काढून, समोर बघत उभा राहिला.

"भिंत वाळायला किती दिवस?" आईनं विचारलं.

"मिस्त्री सांगेल तेवढे. आणि वर एक आठवडा."

"तो आठवडा यावेळी ठेवशील? का तोही मागच्यासारखा फोनवर वाटून टाकशील?"

"ठेवीन."

तिनं त्याच्या कोपरात हात घातला. "भिंत वाळेपर्यंत हं," ती म्हणाली. "मग सोडायचं."

मिस्त्री परत आला, तेव्हा त्याचं आणि डॉक्टरचं कडाक्याचं वाजलं. मिस्त्री म्हणत होता, तुम्हीच म्हणालात वरवर करा. डॉक्टर म्हणत होता, मी म्हणालो पण तुम्ही ऐकलंत कसं? असं भांडण डॉक्टर पेशंटशी कितीदा तरी भांडलेला, फक्त दुसऱ्या बाजूनं. मग भिंत पुरती उघडली. ओल पलीकडच्या खोलीतल्या कपाटामागेही पोचलेली निघाली, आणि कपाट हलवलं तेव्हा त्याची पाठ मऊ लागली. यावेळी डॉक्टरनं चष्मा कपाळावर घेतला आणि म्हणाला, "काढा सगळं." दिव्यांचा आरसा बायकोनं ओळखीतल्या एका दुकानदाराला परत घ्यायला लावला, आणि त्या पैशांना कुणी हात लावायचा नाही असं तिनं मिस्त्रीला आणि नवऱ्याला बजावलं, नवऱ्याला दोनदा.

आईची दाढही उघडली. रेघ वरून बारीक होती आणि खाली बरंच काही होतं. एकाऐवजी चार भेटी लागल्या. पण ती आता जिन्यानं रोज खाली येतच होती, तेव्हा आंघोळ झाली की ओल्या केसांनी खुर्चीत बसायची. पेशंट लोक बाहेर थांबायचे. परत वर जाताना कठडा तिच्या चांगल्या हाताला असायचा, धरायची काही गरज नसायची. तरी ती कोपर सोडायची नाही. डॉक्टरनंही तिला तसं कधी सुचवलं नाही.

मग भिंत वाळली. मिस्त्रीनं हात लावून बघितली, डॉक्टरनं बघितली, बायकोनं कानही लावला. तरी डॉक्टरनं तो जास्तीचा आठवडा जाऊ दिला. मग टाइल्स लागल्या, पक्क्या विटांमध्ये दांडी बसली. मिस्त्री तिला दोन्ही हातांनी लटकला आणि पाय वर घेऊन झुलला. डॉक्टर लटकला. बायको म्हणाली, मी लटकणार नाही, पण तुमच्यावर विश्वासही ठेवणार नाही, आणि तिनंही एक हिसका मारून बघितला.

सकाळी आई टॉवेल घेऊन बाथरूमच्या दारात आली. सवयीनं डॉक्टर तिच्या उजवीकडे येऊन उभा राहिला, कोपर बाहेर. तिनं त्याच्याकडे बघितलं.

"वाळली ना भिंत?"

"वाळली."

"मग सोड."

त्यानं कोपर खाली घेतला. आईनं आत पाय ठेवला, दांडी दोन बोटांच्या चिमटीत धरून पुढेमागे हलवून बघितली, जशी तो तिची दाढ हलवून बघायचा. मग मूठ घट्ट केली आणि दार लावून घेतलं. आतून कडीचा आवाज आला.

खाली पेशंट आला होता. घंटी एकदा वाजली, दुसऱ्यांदा वाजली. डॉक्टर दाराबाहेर उभा होता आणि श्वाससुद्धा जपून घेत होता. आत पाणी सुरू झालं. मग बंद झालं.

"तू बाहेर उभा आहेस का रे?" आतून आईचा आवाज आला.

"नाही," डॉक्टर म्हणाला.

मग पाणी पुन्हा सुरू झालं.

"बरं," आई म्हणाली. "मग तिथेच थांब जरा."